कुरणाची वही कुणाकडे?

ऑगस्ट २०२४ मध्ये टांझानियातल्या न्गोरोंगोरो भागात गुरे पाळणारे हजारो मसाई रस्त्यावर उतरले आणि सेरेंगेटीकडे निघालेल्या सफारीच्या गाड्या त्यांनी अडवून धरल्या. आपल्याकडे ही बातमी पोहोचली ती नेहमीच्याच मथळ्याखाली: एकीकडे वन्यजीव, दुसरीकडे गुराखी. त्या रस्त्यावरची पहिली मागणी मात्र गवताची नव्हती, पाण्याचीही नव्हती. आमची नावे मतदार यादीत परत घाला, असे ती माणसे म्हणत होती. सरकारने त्याच महिन्यात एक अधिसूचना काढून न्गोरोंगोरोतले ११ वॉर्ड, २५ गावे आणि ९६ वाड्या प्रशासकीय यादीतून रद्द केल्या होत्या. गावेच यादीत नाहीत, म्हणजे नोव्हेंबरच्या स्थानिक निवडणुकीत तिथे मतदान नाही. काहींना आपले नाव शेकडो किलोमीटर दूरच्या म्सोमेरा गावाच्या यादीत सापडले. सरकारला मसाईंना जिथे हलवायचे आहे, ते हे म्सोमेरा. माणूस अजून न्गोरोंगोरोत गुरे राखतोय आणि त्याचे मत आधीच स्थलांतरित झालेले!

आरुशाच्या उच्च न्यायालयाने काही दिवसांतच अधिसूचनेला स्थगिती दिली आणि मंत्र्यांनी आंदोलकांसमोर येऊन मतदानाचा हक्क कायम असल्याचे सांगितले. प्रकरण मिटल्यासारखे झाले. पण टांझानियात खेडे म्हणजे नुसती घरांची गर्दी नसते. १९९९ च्या ग्राम जमीन कायद्यानुसार गावच्या जमिनीचा कारभार ग्रामपरिषदेकडे असतो आणि तिने गावसभेला उत्तर द्यायचे असते. न्गोरोंगोरोला संरक्षित क्षेत्राचे वेगळे कायदे लागू आहेत हे खरे, तरीही गाव नोंदीत असेपर्यंत निदान बोलणारा कुणीतरी असतो. गाव खोडले की बोलणाराच उरत नाही. त्यासाठी बुलडोझर लागत नाही, राजपत्राची चार पाने पुरतात.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. मसाईंच्या जमिनीचा प्रश्न आपण 'परंपरा की प्रगती', 'सिंह की गाय' अशा जोड्यांत मांडतो आणि चुकतो. गेली सव्वाशे वर्षे तिथे खरा झगडा चालला आहे तो वहीचा. कोण कुठला, कोण सभासद, कुणाला मत, कुणाच्या सहीने जमीन जाते, हे जिच्यात लिहिले आहे ती वही. ती कधी इंग्रज अधिकाऱ्याकडे होती, कधी मंत्र्याकडे. आणि हे सांगताना जड जाते, पण पुष्कळदा ती मसाई पुढाऱ्याकडेच होती.

सुरुवात अर्थात इंग्रजांनी केली. १९०४ मध्ये त्यांनी सीमेपलीकडच्या आजच्या केनियात मसाईंशी करार केला. रेल्वेच्या दोन्ही बाजूंची, नैवाशा आणि नाकुरूकडची रिफ्ट खोऱ्यातली उत्तम कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांना मोकळी करून द्यायची, मसाईंनी उत्तरेला लायकिपियात आणि दक्षिणेला अशा दोन राखीव भागांत जायचे. मसाई वंश अस्तित्वात असेपर्यंत हा करार टिकेल, असे त्यात लिहिले होते. तो सात वर्षे टिकला. १९११ मध्ये नवा करार झाला आणि लायकिपियातल्या मसाईंनाही गुराढोरांसकट दक्षिणेला हाकलले गेले. मग त्यांनी वकील केला आणि कोर्टात गेले. १९१३ चा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. कोर्ट म्हणाले, मसाई हे सार्वभौम लोक, त्यांनी ब्रिटिश राजाशी केला तो दोन सत्तांमधला तह, आणि तहाचा निवाडा हे न्यायालय करू शकत नाही. एरवी ज्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हते त्यांना सार्वभौमत्व बहाल झाले ते फक्त दावा फेटाळण्यापुरते.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते, मसाई पुढाऱ्यांना तर फारच. साहेब खलनायक असला की बाकीच्यांचे भागते. अडचण पुढच्या भागात आहे.

स्वतंत्र केनियाने १९६८ मध्ये एक कायदा केला आणि 'ग्रुप रँच' नावाचा प्रकार आला. एखाद्या टापूतल्या मसाई कुटुंबांना मिळून एकच मालकीचा कागद द्यायचा. जमीन सगळ्यांची, गुरे ज्याची त्याची. कारभाराला जास्तीत जास्त दहा निवडलेले प्रतिनिधी. जागतिक बँकेचा पैसा होता, विहिरी आणि गोचिडनाशक औषधात गुरे बुडवून काढायची टाकी बांधायची होती, कर्जे द्यायची होती. मसाईंनी हे स्वीकारले त्यामागे विकासाच्या ओढीपेक्षा भीती अधिक होती. काजिआडो जिल्ह्यात नैरोबीला लागून असलेल्या चांगल्या जमिनी वजनदार माणसे आपापल्या नावावर करून घेत होती. एकेकट्याने लुटले जाण्यापेक्षा गटाने एक कागद मिळवलेला बरा, हा हिशेब शहाणपणाचाच होता.

या ग्रुप रँचचे काळीज म्हणजे सभासदांची नोंदवही. जमिनीची निश्चिती झाली तेव्हा तिच्यात बहुतेक करून कर्त्या पुरुषांची नावे चढली. बायका नाहीत. विधवा असली आणि भांडली, तर क्वचित. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचे नाव घालायचे की नाही, हे समिती ठरवणार. काही ठिकाणी वही लवकर बंद झाली आणि एक पिढीच्या पिढी आपल्याच कुरणावर पाहुणी होऊन बसली. काही ठिकाणी ती हवी तेवढा वेळ उघडी राहिली आणि जवळच्यांची नावे आत शिरली. वार्षिक सभा वर्षानुवर्षे होत नसे. कुणाची मुदत संपली, कुणी पुन्हा निवडून आले, कर्ज किती उचलले, हे विचारायला सभाच नाही. सहकारी संस्थांच्या राजकारणात वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नसावी.

मग आली वाटणी. सत्तरीच्या अखेरीस सुरू झाली, ऐंशीच्या दशकात सरकारनेही तिला हवा दिली, आणि अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात तर ती अगदी अलीकडेपर्यंत चालू आहे. समितीवर विश्वास उरला नव्हता आणि तरुणांना आपला तुकडा हवा होता. लोकांनीच वाटणी मागितली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मोजणीदार साखळी घेऊन आला तेव्हा नकाशा कुणाच्या ओसरीवर उघडला गेला? काजिआडोतल्या वाटण्यांचा ज्यांनी बारकाईने अभ्यास केला त्यांना पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसले: समितीतल्या आणि तिच्याजवळच्या माणसांना मोठे तुकडे, पाण्याजवळचे तुकडे, रस्त्याकडेचे तुकडे. विधवांना आणि गरिबांना खडकाळ कडेकपार. तक्रारी झाल्या, दावे झाले. दरम्यान टायटल, म्हणजे मालकीचा कागद, छापून हातात पडले होते, आणि छापलेले टायटल परत घेणे कुठल्याही देशात सोपे नसते.

केनियाच्या कायद्यात याला आवर घालणारी एक जागा आहे, तिचे नावच 'जमीन नियंत्रण मंडळ'. १९६७ च्या कायद्याने शेतजमिनीचा कोणताही व्यवहार या मंडळाच्या संमतीशिवाय होत नाही. मंडळाचा अध्यक्ष प्रशासनाचा अधिकारी, बाकी स्थानिक माणसे. विकणारा आणि घेणारा हजर राहणार, बायकोला विचारले आहे का, पोराबाळांना काय उरणार, हे पाहून संमती द्यायची असा रिवाज पडला. कल्पना चांगली आहे. पण मंडळावर कोण बसते? प्रशासनाने नेमलेले, म्हणजे ज्यांचे प्रशासनाशी जमते ते. बायको म्हणून भलतीच बाई उभी केल्याच्या, घरचीला कुंपणाचे खांब रोवले गेल्यावरच विक्री कळल्याच्या कहाण्या काजिआडोत घरोघर आहेत. २०१२ च्या जमीन कायद्यांनी जोडीदाराची संमती सक्तीची केली हे चांगलेच झाले, पण त्याआधीच्या दोन-तीन दशकांत नैरोबीजवळचा टापू बराचसा हातचा गेला होता.

तो कसा दिसतो, हे नैरोबीहून नामांगाच्या रस्त्याने गेले की कळते. मी अंबोसेलीला जाताना त्या रस्त्याने गेलो. कितेंगेला गाव संपता संपता दोन्ही बाजूंना पाट्यांची रांग लागते: '५० बाय १०० चे प्लॉट, टायटल तयार'. फुटांत मोजलेला हा तुकडा म्हणजे एकरचा आठवा भाग. ज्या भूमीवर एका गाईला पोट भरायला कित्येक एकर लागतात, तिथे हे माप ऐकायलाच विचित्र वाटते. पुढे पत्र्याची, दगडी, तारेची कुंपणे. मध्येच एखाद्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत रंगवलेले: 'हा प्लॉट विकाऊ नाही'. मला वाटले, कुणी जमीन न विकण्याचा निर्धार केलेला दिसतोय. ड्रायव्हर हसला. मालक गावाला गेला की दुसराच कुणी ती जागा गिऱ्हाइकाला दाखवून पैसे घेऊन पसार होतो, म्हणून ही पाटी. त्याच भिंतीच्या कडेकडेने एक पोरगा दहा-बारा गुरे घेऊन चालला होता. कुंपण संपेल तिथे वळायचे म्हणून तो बराच वेळ आमच्या गाडीला समांतर चालताना दिसत राहिला.

यातून राजकारण कसे बदलते तेही पाहायला हवे. काजिआडो काउंटीची (काउंटी म्हणजे जिल्हाच) लोकसंख्या २००९ मध्ये ६ लाख ८७ हजार होती, २०१९ च्या जनगणनेत ती ११ लाखांवर गेली. ही वाढ प्रामुख्याने न्गोंग, रोंगाई, कितेंगेला या नैरोबीला चिकटलेल्या गावांत झाली. तिथला मतदार किकुयू, कांबा, लुओ अशा इतर जमातींचा, नोकरदार, भाडेकरू, फ्लॅटवाला. त्याला रस्ता आणि नळ हवा, गुरांच्या वाटेचे त्याला काय? २०१० च्या राज्यघटनेने काउंट्यांना अधिकार दिले, २०१३ पासून गव्हर्नर निवडून येऊ लागले, आणि जमिनीवर वर्षानुवर्षे जे विकले गेले त्याचे मतांतले प्रतिबिंब आता मोजणीत दिसू लागले. मसाई पुढारी निवडणूक आली की 'आपल्या भूमीवर आपलाच माणूस' असे म्हणतात. विकताना समितीच्या ठरावावर कुणाच्या सह्या होत्या, हे त्या भाषणात येत नाही.

हा सूर निरुपद्रवी नाही. नारोक जिल्ह्यातल्या एनूसुपुकियात १९९३ मध्ये किकुयू शेतकऱ्यांवर हल्ले झाले, माणसे मेली, हजारोंना पळून जावे लागले. त्यांतल्या अनेकांनी जमीन रीतसर विकत घेतलेली होती. नारोकचे दिवंगत नेते विल्यम ओले न्तिमामा तेव्हा स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री होते, आणि मसाई आपल्या हक्कांसाठी लढले अशा शब्दांत त्यांनी त्याचे समर्थन केले. १९०४ चा अन्याय खरा आहे. पण त्याचा हिशेब ज्याने घामाच्या पैशाने पाच एकर घेतले त्या माणसाकडून चुकता करून घ्यायचा, आणि विकणाऱ्याला व्यासपीठावर बसवायचे, हा न्याय मला कळत नाही.

वरच्या पातळीवरही हेच. अंबोसेली राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचे. सप्टेंबर २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकींच्या सरकारने एका अधिसूचनेने त्याचा राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा काढला आणि ते स्थानिक काउंटी कौन्सिलकडे सोपवायचे ठरवले. नोव्हेंबरमध्ये घटनेच्या मसुद्यावर सार्वमत होते आणि सरकारला मसाई मते हवी होती. सार्वमत सरकार हरले, पुढे न्यायालयाने अधिसूचनाही रद्द ठरवली. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी पुन्हा तीच घोषणा केली. मसाईंना अंबोसेली परत मिळावे याच्या मी पूर्णपणे बाजूने आहे, तिथले दलदलीचे पाणी दुष्काळात त्यांच्याच गुरांचा आधार होते. माझी शंका दुसरीच आहे. 'परत' म्हणजे कुणाला? काउंटी म्हणजे मसाई असे आपोआप होत नाही, आणि उद्यानाच्या कडेला राहणारा गुराखी म्हणजे काउंटीचे मुख्यालय असेही होत नाही. गेटवरचा पैसा काजिआडो गावातल्या कचेरीपर्यंत पोहोचेल. तिथून पुढची वाट कुठल्या वहीत लिहिली आहे?

आता समोरच्या बाजूचा खरा युक्तिवाद. एक मसाई तरुण म्हणेल: तुम्ही पुण्या-मुंबईत फ्लॅट विकता, घेता, मुलाच्या शिक्षणासाठी गहाण टाकता. मला मात्र सामायिक कुरणावर शुका, म्हणजे मसाई चादर, पांघरून उभे राहायला सांगता, कारण तुमच्या फोटोत ते छान दिसते. हा टोमणा मला लागतो. विकण्याचा हक्क हा हक्कच आहे, आणि जमीन विकून ज्याने मुलीला परिचारिका केले त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण गवताचा स्वभाव फ्लॅटसारखा नाही. या कोरड्या टापूत पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. या टेकडीवर सर येते, पलीकडे महिनाभर धूळ. म्हणून मसाईंनी पावसाळी आणि उन्हाळी चराई वेगळी ठेवली, वासरांसाठी घराजवळ 'ओलोपोलोली' ही राखीव चराई ठेवली, आणि दुष्काळात शेजाऱ्याच्या टापूत जाण्याचा रिवाज सांभाळला. शंभर एकरांचा तुकडा कागदावर संपत्ती असतो, पण त्या वर्षी त्या शंभर एकरांवर पाऊस पडला नाही तर तो शून्य. २०२२ च्या दुष्काळात केनियात लाखो जनावरे मेली आणि काजिआडोत रस्त्याकडेला सांगाडे पडले. अशा वर्षी जे तुकडे विकले जातात त्यांना स्वखुशीची विक्री म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. भाव गिऱ्हाईक ठरवते.

म्हणून माझे मत असे की कुरण अखंड राहावे, पण समितीची मक्तेदारी अखंड राहू नये. केनियाचा २०१६ चा सामुदायिक जमीन कायदा कागदावर नेमके हेच सांगतो. ग्रुप रँचच्या जागी नोंदणीकृत समुदाय. सगळे सज्ञान स्त्री-पुरुष सभासद. कारभाराला समिती असली तरी जमीन देऊन टाकायची तर नोंदलेल्या सभासदांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी. कायदा आला आणि कित्येक ग्रुप रँचनी काय केले? नोंदणी होण्याआधी वाटणी उरकण्याची घाई. बायकांची नावे वहीत चढण्यापूर्वी वहीच संपवून टाकायची! यापेक्षा बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही.

मसाई मारा या राखीव वन्यजीव क्षेत्राच्या परिसरातही थोडे असेच झाले. तिथे २००५ च्या सुमारापासून वाटणी झालेले तुकडे पुन्हा जोडून खासगी अभयारण्ये उभी राहिली. मालकांना लॉजवाल्यांकडून दरमहा भाडे मिळते, कुंपणे घातली जात नाहीत, वाइल्डबीस्टना वाट राहते. व्यवस्था बरी आहे. पण भाडे टायटलवाल्याच्या खात्यात जाते आणि टायटल बहुतेक पुरुषांच्या नावावर. तुकडाच न मिळालेल्या कुटुंबाला फक्त चराईची बंदी मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडून पुरणपोळीचे डबे घेऊन मारात जाणाऱ्या मराठी सहलींची संख्या कमी नाही. २०२४ पासून राखीव क्षेत्राचे हंगामी प्रवेशशुल्क परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर झाले, त्यावर बसमध्ये बराच काथ्याकूट होतो. त्या डॉलरांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र बसमध्ये निघाल्याचे मी ऐकलेले नाही.

मुंबईशी एक धागा याहून जाड आहे. काजिआडोच्याच पश्चिम भागात मगाडी सरोवर, तिथला सोडा काढण्यासाठी १९११ मध्ये कंपनी निघाली. आज तिथला कारखाना टाटा केमिकल्सकडे आहे. त्याच्या भाडेपट्ट्याखाली दोन लाखांहून अधिक एकर जमीन आहे, आणि काउंटीने जमीनपट्टीपोटी काही अब्ज शिलिंगांची मागणी केल्यावर प्रकरण न्यायालयात गेले. काउंटीचा आकडा अवाजवी होता की कंपनीचा बचाव, यात मी पडत नाही. पण १९११ हे साल पुन्हा पाहा. लायकिपियाचे मसाई ज्या वर्षीच्या कराराने दक्षिणेला हाकलले गेले, त्याच वर्षी दक्षिणेतला हा तुकडा कंपनीच्या नावे झाला. आणि शतकानंतरच्या भांडणात दोन पक्षकार आहेत, काउंटी आणि कंपनी. तळ्याकाठचा मसाई त्यात पक्षकार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट खरोखर करता येण्यासारखी आहे, आणि ती क्षुल्लक वाटेल: समुदायाच्या सभेची तारीख. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कोरडे दिवस, तेव्हा तरुण गुरे घेऊन लांब असतात आणि बायका पाण्यासाठी मैलोन्मैल चालतात. अशा दिवशी, काउंटीच्या कचेरीत, सकाळी दहाला सभा बोलावली की कोण येणार हे बोलावणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तीच सभा मे-जूनमध्ये, लांबचा पाऊस होऊन गुरे घराजवळ परतल्यावर, बिसिल किंवा किमानाच्या गुरांच्या बाजाराच्या दिवशी भरवा, सभासदांची यादी मसाई भाषेत मोठ्याने वाचा, गैरहजर बायकांची नावेसुद्धा. वाचायला दुपार उलटून जाईल. जाऊ दे.